परदेशी शिकणाऱ्यांच्या ताटाचा हिशेब

पावसाळा अर्ध्यावर आला की जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक घरांत वजनकाटा बाहेर निघतो. मुलगा किंवा मुलगी शिकण्यासाठी परदेशी निघालेली असते आणि विमान कंपनीने ठरवून दिलेल्या २३ किलोंच्या पेटीत किती बिबडे, किती कुरडया आणि किती काळा मसाला बसेल याची मोजदाद चाललेली असते. या मोजदादीमागची माया कोणालाही समजण्यासारखी आहे. परंतु ज्या घरात बिबड्यांचे वजन इतक्या काटेकोरपणे केले जाते, त्याच घरात आणखी एक कागद तयार झालेला असतो, आणि तो पाहिला म्हणजे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला चिंता वाटू लागते. कर्जासाठी बँकेकडे दिलेले ते अंदाजपत्रक असते. त्यात विद्यापीठाचे शुल्क बिनचूक लिहिलेले असते. व्हिसा, विमा, विमानभाडे, खोलीभाडे आणि संगणकही असतो. खाण्यासाठी मात्र शेवटी उरलेल्या रकमेचा एक ढोबळ आकडा टाकलेला असतो आणि ज्या देशात दोन-चार वर्षे काढावयाची, तो देश पाहण्यासाठी एक पैसाही धरलेला नसतो. पेटीतला शिधा दोन महिन्यांत संपतो. पुढचे दिवस विद्यार्थ्याने कसे काढावयाचे, याचा विचार घरात होत नाही, बँकेत होत नाही आणि शासनाच्या शिष्यवृत्ती विभागातही पुरेसा होत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे नीट जेवण आणि त्या देशातील संग्रहालये, नाट्यगृहे, गावे व माणसे पाहण्यासाठी त्याने केलेली भटकंती ही चैन नाही; तो शिक्षणाच्या खर्चाचाच भाग आहे. तो शुल्काइतक्याच गांभीर्याने अंदाजपत्रकात लिहिला गेला पाहिजे. तसा तो न लिहिल्याने जी बचत होते ती दिसावयास बचत असते. वस्तुतः ती मुद्दलाचीच नासाडी होय.

गुणाकाराचा आजार

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्या काही महिन्यांत एक आजार जडतो. दुकानातील प्रत्येक किमतीला ती मनातल्या मनात गुणतात. तीन पौंडांचे सूप दिसले की ते साडेतीनशे रुपयांचे होते. साडेतीनशे रुपयांत जळगावात शेवभाजी-भाकरीची किती ताटे आली असती, हा पुढचा हिशेब आपोआप होतो आणि हात मागे येतो. मग तीन दिवस शिजवून ठेवलेला भात, पाव आणि झटपट शेवया यांवर आठवडा निघतो. शेतकरी बापाने घेतलेल्या कर्जाची जाणीव असलेले मूल असेच वागणार. त्याला दोष देता येत नाही. परंतु हा गुणाकार अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. विनिमयाचा दर आणि पैशाची खरेदीशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तर खरेच. त्याहून महत्त्वाचे हे की, एखाद्या खर्चाची तुलना घरच्या बाजारभावाशी करावयाची नसून ज्या उद्दिष्टासाठी एकूण गुंतवणूक केली त्या गुंतवणुकीशी करावयाची असते.

एक साधे उदाहरण घेऊ. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ३० लाख रुपयांचे कर्ज काढले आहे असे समजा. विद्यार्थ्याने महिन्याला २० पौंड केवळ नाटक, सहल किंवा मित्रांसोबतच्या जेवणासाठी बाजूला काढले, तर वर्षाचे २४० पौंड होतात. पौंडाचा भाव ११५ रुपये धरला तर ही रक्कम २७,६०० रुपये भरते. म्हणजे एकूण कर्जाच्या एक टक्क्याहूनही कमी. हा एक टक्का वाचविण्यासाठी विद्यार्थी वर्षभर खोलीत कोंडून घेतो, कोणाशी बोलत नाही, भाषा सुधारत नाही, ओळखी होत नाहीत आणि उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांचे फळ निम्म्याने घटते. कपाशीला महागडे बियाणे घेऊन शेवटचे पाणी वाचविणाऱ्याला आपण काटकसरी म्हणत नाही.

उपासाचा आदर्श

यावर हमखास एक उत्तर मिळते: डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपाशीपोटी शिकलेच ना! हे उत्तर देणाऱ्यांचा आदर खरा असतो. परंतु निष्कर्ष उलटा असतो. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यातूनच घरी पैसे पाठवावयाचे, त्यातूनच जुनी पुस्तके विकत घ्यावयाची. पुढे लंडनमधील वास्तव्यात तुटपुंज्या न्याहारीवर दिवसभर ग्रंथालयात बसावयाचे आणि रात्री भूक अनावर झाली की पापड भाजून खावयाचे, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. या उपासमारीतून ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’सारखा ग्रंथ १९२३ साली बाहेर आला, हा त्या पुरुषाच्या असामान्य निश्चयाचा पुरावा आहे. उपासमारीच्या उपयुक्ततेचा तो पुरावा नव्हे. असामान्य माणसाने जे सोसले ते सामान्य विद्यार्थ्यासाठी नियम म्हणून ठरविणे हा त्या माणसाचाही अवमान आहे. त्याची भूक हे समाजावरचे ऋण आहे, शिष्यवृत्तीचा दर ठरविण्याचे माप नाही.

सोसणे प्रत्येकाला पेलत नाही, याचे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. कडाक्याची थंडी, न मानवणारे अन्न, शाकाहाराचे आणि पोशाखाचे बंधन यांच्याशी झगडत त्यांनी १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळविली. परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचा अंत झाला. वैद्यकी करण्यासाठी त्या शिकल्या, पण वैद्यकी करावयास उरल्या नाहीत. त्यांच्या आजाराची सारी कारणे अन्नात शोधणे योग्य होणार नाही. तथापि शिक्षण पुरे होणे आणि शिकणारा धडधाकट परत येणे या दोन गोष्टी एकत्रच मोजावयाच्या असतात, एवढा धडा त्यातून नक्कीच घेता येतो.

शिष्यवृत्तीचे गणित

आपल्या राज्यात २००३ सालापासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना चालते. ७५ विद्यार्थ्यांची निवड, पूर्ण शुल्क, विमानभाडे आणि निर्वाहभत्ता असे तिचे स्वरूप राहिले. खानदेशातील भूमिहीन मजुरांच्या मुलांना जगातील नामवंत विद्यापीठांची दारे अशा योजनांमुळे उघडली, ही निःसंशय अभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच तिच्यातील उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. या योजनेत आणि केंद्राच्या तशाच योजनेत निर्वाहभत्त्याचा दर कित्येक वर्षे ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड आणि इतर देशांसाठी १५,४०० डॉलर असा ठेवण्यात आला. महिन्याला हिशेब केला तर ब्रिटनमध्ये ८२५ पौंड पडतात. २०२५ च्या आरंभी ब्रिटिश सरकारने काय ठरविले ते पाहू. विद्यार्थ्याला व्हिसा देताना जवळ किती पैसे असले पाहिजेत, याचा आकडा त्या सरकारने जानेवारी २०२५ पासून लंडनसाठी महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड असा ठरविला होता. म्हणजे ज्या देशात राहावयाचे तो देश तेव्हा जेवढे किमान आवश्यक मानत होता, त्याहून लंडनमध्ये महिन्याला ६५८ पौंड आणि लंडनबाहेर ३११ पौंड कमी, अशी या भत्त्याची अवस्था झाली.

ही तूट विद्यार्थी कोठून भरून काढणार? भाडे कमी करता येत नाही. बसचे भाडे चुकविता येत नाही. कात्री लागते ती ताटाला. नाही तर तो उपाहारगृहात भांडी घासावयास जातो. तेथे मजुरीबरोबर एक वेळचे जेवणही मिळते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करण्यास तेथे मनाई आहे. तेवढ्या तासांतही ग्रंथालयाचे तास खर्ची पडतात. हप्त्याला विलंब झाला तर तो उसनवारीवर येतो. शुल्कापोटी शासनाने लाखो रुपये भरावयाचे आणि त्या शुल्काच्या मोबदल्यात मिळणारा वेळ विद्यार्थ्याने पोटासाठी विकावयाचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

दुसरी चूक एकाच आकड्याची आहे. १५,४०० डॉलर जर्मनीत निभावून जातात. सप्टेंबर २०२४ पासून तेथे परदेशी विद्यार्थ्याने खात्यात ठेवावयाची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे आणि बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांच्या आवारात अनुदानित भोजनगृहेही आहेत. तेवढेच डॉलर न्यूयॉर्कसारख्या शहरात खोलीभाड्यालाच अपुरे पडतात. मुंबई आणि शहादा येथे एकच घरभाडेभत्ता द्यावा असे आपण म्हणत नाही. मग परदेशांच्या बाबतीत हा सरसकट न्याय कशासाठी?

अन्नाचा खर्च स्वतंत्रपणे धरण्याची कल्पना आपल्या शासनाला अपरिचित आहे असेही नाही. याच समाजकल्याण खात्याच्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ठरविलेल्या वार्षिक ६० हजारांपैकी ३२ हजार हा भोजनभत्ता म्हणून वेगळा लिहिलेला आहे. जे पुण्यात शिकणाऱ्यासाठी समजते ते लंडनमध्ये शिकणाऱ्यासाठी का समजू नये? फ्रान्सने तर २०२० पासून शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना विद्यापीठीय भोजनगृहात १ युरोत पूर्ण जेवण देण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याचे जेवण ही त्याची खासगी बाब नसून शिक्षणव्यवस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.

भिंतीआडची मेस

परंतु प्रश्न केवळ पोट भरण्याचा नाही. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान आदी देशांत वैद्यकीय शिक्षणासाठी खानदेशातून मोठ्या संख्येने मुले जातात. त्यांना नेणाऱ्या दलालांच्या पत्रकांत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपेक्षा ‘भारतीय मेस’ ठळक अक्षरांत असते. पालकांना तेवढ्याने हायसे वाटते. वरण-भात मिळणार, मग काळजी कसली? ही सोय मोलाची आहे यात शंका नाही. पण सहा वर्षे त्याच मेसमध्ये, त्याच वसतिगृहात, त्याच आपल्या मुलांत काढली, तर स्थानिक भाषा येणार कशी? वर्ग इंग्रजीत चालले तरी रुग्णालयातील खाटेवरचा रुग्ण इंग्रजीत विव्हळत नाही. तेथे त्याची भाषा कळावी लागते आणि ती पुस्तकापेक्षा बाजारात, बसमध्ये आणि कोणाच्या तरी घरच्या जेवणाच्या मेजावर लवकर येते.

अन्न हे परक्या समाजात शिरण्याचे दारही असते. १८८८ साली लंडनला गेलेल्या गांधींनी शाकाहारी जेवणासाठी पायपीट करीत फॅरिंग्डन मार्गावरील उपाहारगृह शोधून काढले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या जेवणाच्या निमित्ताने ते तेथील शाकाहारी मंडळात शिरले, बेजवॉटरमध्ये एक छोटा शाकाहारी क्लब काढला, सर एडविन अर्नोल्ड यांच्यासारख्यांना त्यात ओढले आणि सभा-संस्था चालविण्याचे पहिले धडे तेथे गिरविले. बॅरिस्टरीच्या परीक्षेने त्यांना जे दिले त्याहून हे शिक्षण थोडे नव्हते.

आपल्या मुलांनाही हे सहज साधेल. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावयाची सोय परदेशी नसते; पण भट्टीत भाजलेल्या वांग्याचे भरीत करून शेजारच्या खोलीतील नायजेरियन किंवा पोलिश मित्राला जेवावयास बोलाविणे अवघड नाही. त्याच्या घरचे तो खाऊ घालील. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आपण गावात बाळगतो. त्याची चव जगाला सांगणारा दूत आपल्या घरातूनच जात असतो, हे विसरतो. मात्र त्यासाठी त्याला स्वयंपाक आला पाहिजे. मुलींना तो येतोच असे गृहीत धरून आणि मुलांना शिकवावयाचाच नाही असे ठरवून आपण दोघांवरही अन्याय करतो. ज्याला भाकरी थापता येत नाही, निदान खिचडी लावता येत नाही, त्याचे पारपत्र पूर्ण झाले असे पालकांनी समजू नये.

पाहण्याची सवय

आता भटकंतीविषयी. ‘तिकडे शिकावयास पाठविले, फिरावयास नव्हे,’ हे वाक्य आपल्याकडे दर दुसऱ्या घरात ऐकू येते. लंडनचे ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांचे कायमचे संग्रह विनामूल्य पाहता येतात. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात उभ्याने नाटक पाहणाऱ्यांसाठी ५ पौंडांचे तिकीट वर्षानुवर्षे ठेवलेले होते. म्हणजे आड येतो तो पैसा नव्हे, सवयीचा अभाव आड येतो. धुळ्यात शिकलेल्या आपल्या पदवीधरांपैकी किती जणांनी राजवाडे संशोधन मंडळाची पायरी चढलेली असते? समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते कितींनी पाहिली? जळगावपासून अजिंठा सुमारे साठ किलोमीटरवर. तेथे शाळेच्या सहलीपलीकडे पुन्हा कोण जातो? याच अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात रंगविल्या आणि त्यांपैकी आगीतून वाचलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जपल्या. जळगावचा विद्यार्थी त्या शहरात वर्षभर राहून हे न कळताच परततो, तेव्हा चूक त्याच्या एकट्याची नसते.

पाहण्याने काय मिळते, याचे उत्तर चाळीसगावला रेल्वेस्थानकाजवळ उभे आहे. केकी मूस (१९१२–१९८९) इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन, परदेशांतील कलासंग्रह पाहून १९३८ च्या सुमारास चाळीसगावला परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी जवळजवळ त्या घरातच काढले. पण जे पाहून ते आले होते त्याच्या बळावर त्यांनी तालुक्याच्या गावी छायाचित्रे, शिल्पे आणि चित्रे यांचे एक जग उभे केले. ते केवळ प्रमाणपत्र घेऊन परतले असते तर चाळीसगावला काय मिळाले असते?

भटकंतीला धोकाही असतो, हे खानदेशाला कोणी सांगावयास नको. जून २०२४ मध्ये रशियातील वेलिकी नोव्हगोरोद येथे वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत जळगाव जिल्ह्यातील मुले होती. त्या घरांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद थिटा आहे. त्यानंतर अनेक पालकांनी मुलांना वसतिगृहाबाहेर पडू नका अशी ताकीद दिली. ती समजण्यासारखी आहे. परंतु वीस वर्षांचे मूल सहा वर्षे खोलीत ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. तापी-गिरणेच्या काठची आपली किती मुले पोहावयास शिकतात? परक्या नदीचा प्रवाह, गोठलेल्या तळ्याचा बर्फ, रात्रीची शेवटची गाडी, साहाय्यासाठी फिरवावयाचा क्रमांक यांविषयी जाण्याआधी कोणी दोन शब्द सांगतो काय? सुरक्षितता बंदीने येत नाही, माहितीने येते.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. पहिला शासनाचा. परदेश शिष्यवृत्तीचा निर्वाहभत्ता आकड्यात गोठवू नये. त्या त्या देशाने व्हिसासाठी ठरविलेल्या किमान रकमेशी तो बांधावा, शहरानुसार वेगळा ठेवावा आणि पहिला हप्ता विद्यार्थी विमानात बसण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावा. त्यात अन्न आणि सांस्कृतिक खर्च ही दोन कलमे नावाने लिहावीत. करदात्याच्या पैशाने नाटके पाहावयाची काय, असा आक्षेप निघेल. त्याला उत्तर असे की, त्याच पैशाने शुल्क भरून अर्धेच शिक्षण विकत घेणे ही अधिक मोठी उधळपट्टी आहे. दुसरा उपाय बँकांचा. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्याससहलीचा खर्च ग्राह्य आहे; शाखाधिकाऱ्याने तो कर्जदाराला आपण होऊन सांगावा. तिसरा विद्यापीठाचा आणि महाविद्यालयांचा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने परदेशी जाणाऱ्यांसाठी आठवडाभराचा वर्ग उन्हाळ्यात चालवावा. त्यात स्वयंपाक, खर्चाचे टिपण, भाषेचे प्राथमिक धडे, सुरक्षितता आणि परतलेल्या विद्यार्थ्यांच्या गाठीभेटी असाव्यात. अमळनेरच्या छात्रालयात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनी मुलांच्या खोलीपासून वाचनापर्यंत सारे शिक्षणातच मोडते, हे कृतीने दाखविले होते. ती परंपरा आपल्याच मातीतली आहे.

चौथा उपाय पालकांचा, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. दर रविवारी दूरध्वनीवर ‘किती वाचविलेस?’ असे विचारण्याऐवजी ‘काय जेवलास, काय पाहिलेस?’ असे विचारावे.

राज्य शासनाने २०१५ साली लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर विकत घेऊन बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचे स्मारक केले. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, १९३७ साली ते जेथे उतरले होते तेथे, दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसे नतमस्तक होतात. या दोन्ही वास्तूंपुढे उभे राहणाऱ्या समाजाने आणि शासनाने एवढे तरी करावे की, आज त्याच शहरात शिकणाऱ्या आपल्या मुलाला रात्री केवळ पापडावर झोपावे लागू नये.